एमडीसीचे वर्ग अर्धे रिकामे: विषय नकोसा की तास नकोसा?

फोंडेकार_टीटी
टाइमटेबल कमिटीच्या बैठका सुरू व्हायच्या आत हा धागा काढतोय. नव्या शैक्षणिक धोरणाने मेजर-मायनरच्या (मुख्य विषय आणि जोडविषय) जोडीला एमडीसी (मल्टीडिसिप्लिनरी, म्हणजे दुसऱ्या शाखेचा विषय), एईसी (भाषा), एसईसी (कौशल्य), व्हीएसी (पर्यावरण, संविधान असे मूल्यांचे विषय) असे सगळ्या शाखांसाठीचे कोर्स आणले. गोवा विद्यापीठात हे २०२३-२४ पासून लागू आहे. यूजीसीच्या आराखड्यात एमडीसीचे ९ क्रेडिट आहेत, म्हणजे तीन-तीन क्रेडिटचे तीन कोर्स. एका कोर्सचे ४५ तास, १५ आठवडे धरले तर आठवड्याला तीन.

चर्चेसाठी एक मध्यम कॉलेज धरूया. पहिल्या वर्षाला ४८० मुलं: बीए १५०, बीकॉम २१०, बीएस्सी १२०. दुसऱ्या वर्षाला ४३०. वर्गाची कमाल मर्यादा ६०. सगळीकडे दिसणारं चित्र असं: एका एमडीसीला रांग लागते आणि शेजारच्या वर्गात दहा-बारा टाळकी. एचओडी (विभागप्रमुख) म्हणतात मुलांना विषय नको. मुलं म्हणतात विषय हवा होता, पण तेव्हा प्रॅक्टिकल असतं. दोघांपैकी खरं कोण, हे कसं ओळखायचं? आणि ओळखल्यावर वेळापत्रकात नेमकं काय हलवायचं?

विनंती एकच. ‘आमच्याकडे असं झालं’ याच्या कथा नकोत, पद्धत सांगा.

---

गणितवाली_मडगाव
ओळखायला तीन आकडे पुरतात. प्रत्येक कोर्सपुढे हे लिहा:

१) किती जणांनी पहिली किंवा दुसरी पसंती दिली
२) वाटपानंतर किती जणांची नोंद झाली
३) चौथ्या आठवड्यात प्रत्यक्ष किती जण बसतात

पहिलाच आकडा लहान असेल तर दोष विषयाचा, नावाचा किंवा माहितीचा. तिथे वेळापत्रक कितीही हलवा, फरक पडत नाही. पहिला मोठा आणि दुसरा लहान असेल तर दोष तासाचा किंवा पात्रतेचा. पहिले दोन ठीक आणि तिसरा कोसळलेला असेल तर तो तास दिवसाच्या टोकाला पडलाय, नाहीतर आजूबाजूला रिकामे तास आहेत.

अडचण ही की बहुतेक ठिकाणी पहिला आकडा नसतोच. वेळापत्रक लावून मग फॉर्म भरून घेतात. मुलगा फॉर्म भरताना तास बघून पर्याय निवडतो आणि त्यालाच आपण ‘मागणी’ म्हणतो. मंगळवारी दोनला केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल असलेली मुलगी त्या वेळचा कोर्स यादीत लिहीतच नाही. ती मागणी कागदावर कुठेच दिसत नाही.

म्हणून क्रम उलटा करा. आधी तास न दाखवता पसंती घ्या. मग एमडीसीचे स्लॉट ठरवा. मेजर-मायनरची वेळ त्याच्यानंतर. बहुतेक कमिट्या एमडीसीला उरलेल्या भोकांत कोंबतात. मेजरचा वर्ग एकाच शाखेचा असतो, तो कुठेही हलतो. एमडीसीत तीन शाखांची मुलं असतात, ती हलवायला जागा फार कमी. जे हलायला कठीण, ते आधी रोवायचं.

---

ऑफिसातला_बाब
मॅडमच्या पहिल्या आकड्याला एक चाळणी लावा, नाहीतर तोही फसवेल. यूजीसीच्या आराखड्यात अट आहे की बारावीला शिकलेला विषय एमडीसी म्हणून परत घेता येत नाही. त्यामुळे ‘अकाउंटिंगची ओळख’ला चाळीस पसंत्या आल्या आणि त्यातले तीस बारावी कॉमर्सवाले निघाले, तर खरी मागणी दहा.

फॉर्ममध्ये ‘बारावीची शाखा’ एवढं विचारून भागत नाही. विषय विचारा. आर्ट्सवाल्याने इकॉनॉमिक्स घेतलेलं असतं, सायन्सवाल्याने कॉम्प्युटर घेतलेलं असतं, व्होकेशनलमधून येणाऱ्यांचे विषय तर वेगळेच. प्रवेशाच्या अर्जात हे गुणपत्रिकेवरून आलेलं असतंच, ते परत मुलांकडून भरून घेऊ नका. स्पेलिंगचे शंभर प्रकार येतात आणि मग चाळणीतून अपात्र मुलं गळून पडतच नाहीत. रोल नंबरवरून अर्जातली माहिती ओढून घ्या.

तक्ता असा: आडवे कोर्स, उभे बारावीचे विषय, चालत नाही तिथे ०. त्यावरून प्रत्येक कोर्सला पात्र मुलं किती ते काढा. ४८० पैकी २१० बीकॉमची असताना कॉमर्स विभागाने तीन एमडीसी दिले, तर त्या १८० जागा जवळजवळ अर्ध्या वर्गाला बंदच असतात. वर्ग रिकामा दिसतो त्याचं कारण कधीकधी एवढंच.

---

साखळीकर
तासाबद्दल. पहिला आणि शेवटचा तास एमडीसीला नको, हे लिहूनच ठेवा. आठ-साडेआठला सुरू होणाऱ्या कॉलेजात पहिल्या तासाला सुर्ला-चोर्ल्याकडून साखळीला येणारी किंवा नेत्रावळीहून केप्याला येणारी मुलं बसच्या मर्जीवर असतात. पावसात तर विचारूच नका. चोडणची मुलं फेरीने रायबंदरला उतरून पुढची बस धरतात, एक फेरी चुकली की अर्धा तास गेला. मेजरच्या पहिल्या तासाला मुलगा धडपडत पोचतो, कारण त्याचा एचओडी तिथे असतो. एमडीसीचा शिक्षक दुसऱ्या विभागाचा. ‘एक चुकला तर काय’ इथपासून सुरुवात होते आणि शेवट ७५ टक्के हजेरीच्या यादीत होतो.

शेवटच्या तासाची गत याहून वाईट. कॉमर्सची बरीच मुलं दुपारी कामाला किंवा क्लासला जातात. बीएस्सीवाल्यांना त्याच वेळी प्रॅक्टिकल. म्हणजे दुपारी दोन वाजता फक्त बीए मोकळं, आणि तेही बसस्टॉपवर.

दुसरा ते चौथा तास हीच जागा. पसंतीच्या फॉर्ममध्ये दोन प्रश्न वेगळे घाला: पहिल्या तासाला वेळेवर पोचता का, आणि दोननंतर थांबता येतं का. कोर्सची पसंती आणि वेळेची अडचण एकाच प्रश्नात मिसळू नका.

---

फोंडेकार_टीटी
म्हणजे सगळ्यांचा एमडीसी एकाच वेळी, सकाळी दहा ते अकरा, आठवड्यात तीन दिवस? ऐकायला छान. पण हिशेब करून बघितला. तिन्ही कोर्स पहिल्या तीन सत्रांत ठेवले, तर विषम सत्रात पहिलं वर्ष (सत्र १) आणि दुसरं वर्ष (सत्र ३) दोघांनाही एमडीसी असतो.

४८० + ४३० = ९१० जागा. १० टक्के सैल, म्हणजे जादा जागा, धरली तर १००१. साठच्या मर्यादेने १७ वर्ग. आठवड्याला ५१ तास. सम सत्रात मात्र फक्त पहिलं वर्ष: ५२८ जागा, ९ वर्ग, २७ तास. दोन सत्रांत २४ तासांचा फरक. असिस्टंट प्रोफेसरचे आठवड्याला १६ तास धरले तर दीड माणसाचं काम जूनमध्ये उगवतं आणि डिसेंबरमध्ये नाहीसं होतं. आणि एकाच वेळी सतरा मोठ्या खोल्या कुठून आणायच्या?

---

गणितवाली_मडगाव
वर्षं वेगळी करा. पहिल्या वर्षाचा स्लॉट वेगळा, दुसऱ्याचा वेगळा: ९ आणि ८ खोल्या. एवढं केलं की निम्मा गोंधळ संपतो आणि कोणाच्या निवडीवर काही परिणाम होत नाही, कारण सत्र १ आणि सत्र ३ चे कोर्स वेगळेच असतात.

सैल दहा टक्के धरलीत ते बरोबर. ४८० मुलांना मोजून ४८० जागा ठेवल्या तर शेवटच्या चाळीसएक मुलांना जे उरलं तेच मिळतं, आणि मग महिनाभर बदलीचे अर्ज. त्याच वेळी उलटी चूकही करू नका. प्रत्येक विभागाला खूष ठेवायला १४ कोर्स उघडले तर सरासरी ३४ येते. सरासरी ३४ म्हणजे तिघांत साठ आणि चौघांत पंधरा. ते चार कोर्स मग वर्ग सुरू झाल्यावर रद्द होतात आणि मुलं वाऱ्यावर. कापायचं तर पसंती हातात आल्याबरोबर, वाटपाच्या आधी कापा.

---

प्रॅक्टिकल_बॅच
एक स्लॉट म्हटलं की सायन्सचा जीव जातो, ते कोणी बोलतच नाही. एक क्रेडिट थिअरीचे १५ तास, प्रॅक्टिकलचे ३०. चार क्रेडिटच्या मेजरमध्ये तीन थिअरी आणि एक प्रॅक्टिकल म्हणजे आठवड्याला चार नव्हे, पाच तास. मायनर सायन्सचाच असेल तर आणखी पाच. त्यात एसईसी एक क्रेडिट थिअरी अधिक दोन प्रॅक्टिकल असा असला तर तेही पाच. वर एमडीसी ३, एईसी २, आणि दोन-दोन क्रेडिटचे दोन व्हीएसी म्हणजे ४. बीएस्सीच्या पोराला २० क्रेडिटसाठी २४ तास बसावं लागतं, बीएवाल्याला २०.

आता बॅचचा हिशेब. १२० मुलं, लॅबमध्ये वीस-चोवीस मावतात, म्हणजे पाच-सहा बॅच. दोन तासांची प्रॅक्टिकल सकाळी ठेवली की मधला दहाचा स्लॉट तिला बरोबर अर्ध्यात चिरतो. टायट्रेशन अर्ध्यावर सोडून कोणी ‘गोव्याचा वारसा’ ऐकायला जात नाही.

तेव्हा अट अशी घाला: एमडीसीच्या तीन दिवशी प्रॅक्टिकल एकतर स्लॉटच्या आधी पूर्ण संपलं पाहिजे, नाहीतर मधल्या सुट्टीनंतर सुरू झालं पाहिजे. ८:३० ते १०:३० प्रॅक्टिकल, मग एमडीसी १०:४५ ते ११:४५. ही पंधरा मिनिटं काच धुवायला आणि दुसऱ्या इमारतीत पोचायला लागतात, ती कापू नका. दहाचा एमडीसी ठेवलात तर सकाळच्या सगळ्या प्रॅक्टिकल बॅच मेल्या.

---

गणितवाली_मडगाव
१०:४५ मान्य. प्रॅक्टिकलवाल्या सरांच्या अडचणीसाठी एक तक्ता उपयोगी पडतो. उभे एमडीसी कोर्स, आडव्या मेजर-मायनरच्या जोड्या बॅचसकट, आणि घरात त्या जोडीतल्या किती जणांनी त्या कोर्सला पहिल्या तिनांत पसंती दिली तो आकडा. एक्सेलच्या पिव्होट टेबलने दहा मिनिटांत होतो. मोठा आकडा जिथे असेल, त्या बॅचचं प्रॅक्टिकल त्या कोर्सच्या वेळी ठेवायचं नाही. छोट्या आकड्यांसाठी डोकं फोडू नका.

आता दुसरा मुद्दा. एकच स्लॉट ठेवला तर एक शिक्षक एकच वर्ग घेऊ शकतो. ज्या कोर्सला १३० जणांची खरी मागणी आहे तिथेही जागा ६० च. त्यावर उपाय दोन स्लॉट, पण उलटसुलट:

स्लॉट क: सोम-बुध-शुक्र १०:४५
स्लॉट ख: मंगळ-गुरु-शनि १०:४५

ज्याचा एमडीसी ‘क’ मध्ये, त्याचा व्हीएसी ‘ख’ मध्ये. ज्याचा एमडीसी ‘ख’ मध्ये, त्याचा व्हीएसी ‘क’ मध्ये. दोन क्रेडिटचा व्हीएसी तीनपैकी दोन दिवस खातो, तिसरा दिवस ग्रंथालय, एनएसएस, मेंटॉरची भेट. कोणालाही रोजचा रिकामा तास राहत नाही. गर्दीचा कोर्स तोच शिक्षक दोन्ही स्लॉटमध्ये घेतो: १२० जागा, ६ तास.

---

ऑफिसातला_बाब
मॅडम, यात खोल्या वाचत नाहीत, तेवढं स्पष्ट लिहा. ‘क’ मध्ये अर्धी मुलं एमडीसीला आणि अर्धी व्हीएसीला. म्हणजे पाच अधिक चार, नऊ खोल्या तशाच लागल्या. वाचला तो शिक्षक आणि वाढली ती निवड. खोल्या वाचवायच्या तर व्हीएसी हॉलमध्ये घ्या, १२० ची बैठक करून. पर्यावरण किंवा संविधानासारखा कोर्स हॉलमध्ये चालतो. त्यात चर्चा कमी होते हे खरं, पण एमडीसीच्या खोल्या मोकळ्या होतात.

आणि दोन्ही स्लॉट दोन्ही गटांना खुले ठेवायचे की मुलांना आधीच वाटून टाकायचं? ‘बीए आणि निम्मं बीकॉम क मध्ये’ असं आधी वाटलं, तर मुलाला निम्मेच कोर्स दिसतात. मग गर्दीचे दोन-तीन कोर्स दोन्हीकडे असलेच पाहिजेत. खुले ठेवले तर मेजरने दोन्ही स्लॉट सोडावे लागतात, आठवड्याचे सहा तास.

---

गणितवाली_मडगाव
बरोबर, खोल्यांचं मी लिहायला हवं होतं. खुले ठेवावेत या मताची मी आहे. पाच दिवस सहा तास आणि शनिवारी चार धरले तर ३४ तास. बीएस्सीच्या २४ तासांत एमडीसीचे ३ आणि एका व्हीएसीचे २ आलेच आहेत. ते पाच या सहा तासांतच बसतात. म्हणजे फुकट जाणारा तास एकच. मेजरवाल्यांनी एवढा त्रास करून घ्यायला हरकत नसावी.

---

प्रॅक्टिकल_बॅच
एचओडींच्या बैठकीत हे वाक्य बोलून बघा, मग सांगा हरकत किती ते.

---

कॉमर्सवाला_म्हापसा
जागांच्या वाट्याबद्दल कोणी बोललं नाही. खुल्या वाटपात २१० बीकॉमवाले गर्दीचे कोर्स आधीच भरून टाकतात. मग ‘मल्टीडिसिप्लिनरी’ म्हणायचं आणि आत सगळे एकाच शाखेचे. प्रत्येक कोर्सच्या ६० जागा प्रमाणात वाटा: बीए १९, बीकॉम २६, बीएस्सी १५. कॉमर्सचा कोर्स असेल तर बीकॉम बाद, उरलेल्या ६० जागा १५० ला १२० या प्रमाणात, म्हणजे बीए ३३ आणि बीएस्सी २७. न भरलेला वाटा दुसऱ्या फेरीत खुला. पहिल्याच फेरीत खुला केलात तर वाट्याला अर्थ नाही.

वाटप ‘जो आधी फॉर्म भरेल त्याला’ असं करू नका. सत्तरीत, सांग्यात रेंज मिळेपर्यंत पणजीच्या मुलाने फॉर्म भरून चहा प्यायलेला असतो. टक्केवारीवरही नको. तसं केलं की नको असलेल्या कोर्समध्ये सगळी कमी मार्कांची मुलं एकत्र बसतात आणि तो वर्ग पुढच्या वर्षीही बदनाम. सोडतीचा नंबर काढा. त्या क्रमाने एकेका मुलाची यादी वरून खाली बघायची आणि पहिली मोकळी पात्र जागा द्यायची.

एक्सेलमध्ये ‘रँड’ने नंबर काढणार असाल तर लगेच कॉपी करून फक्त किमती चिकटवा. नाहीतर शीट उघडली की नंबर बदलतात, आणि मग पालकाला काय दाखवणार?

---

ऑफिसातला_बाब
याला जोडून: सत्र १ मध्ये ज्यांना चौथा-पाचवा पर्याय मिळाला, त्यांना सत्र २ च्या सोडतीत पुढे घ्या. एक जादा कॉलम लागतो, ‘मिळालेला पर्याय क्रमांक’. तो जपून ठेवा. हे मुलांना आधी सांगितलं की बदलीच्या अर्जांचा ढीग कमी होतो, कारण मुलाला माहीत असतं की यावेळी गेलं ते पुढच्या वेळी येणार आहे.

पसंत्या तीनच मागू नका. नऊ कोर्स असतील तर किमान पाच मागा, आणि फॉर्ममध्ये तोच कोर्स पाचदा भरता येणार नाही असं करा. हुशार पोरं पहिला कोर्स पाच वेळा लिहितात. त्यांना वाटतं आता तोच द्यावा लागेल. प्रत्यक्षात ती यादीच्या तळाला पडतात.

---

पेडणेकार
प्रश्न: एवढी कसरत करण्यापेक्षा स्वयमवरचा (सरकारचं ऑनलाइन कोर्सचं पोर्टल) कोर्स घ्यायला सांगितला तर? नियमात बसतं ना?

---

फोंडेकार_टीटी
बसतं. यूजीसीच्या २०२१ च्या नियमांनुसार एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत कोर्स स्वयमवरून घेता येतात. पण ती परीक्षा केंद्रावर जाऊन द्यावी लागते, वेळापत्रक त्यांचं असतं आणि निकाल विद्यापीठाच्या तारखेला येईलच असं नाही. आवड असलेल्या दहा-पंधरा जणांसाठी उत्तम. वर्ग पुरत नाहीत म्हणून शंभर जणांना तिकडे ढकलू नका. त्यांच्याकडे बघणारा शिक्षक नेमला नाही तर नोंदणी होते आणि परीक्षेला कोणी जात नाही.

---

साखळीकर
मॅडमच्या स्लॉट ‘ख’ मधल्या शनिवारावर माझा आक्षेप आहे. आठवड्याचे दिवस ठरवण्याआधी कॅलेंडर काढून खरे दिवस मोजा. २०२६ मध्ये १५ ऑगस्ट शनिवारी येतो. चतुर्थी १४ सप्टेंबर, सोमवार. २ ऑक्टोबर शुक्रवार. चतुर्थीची सुट्टी दोन्ही स्लॉटना सारखीच लागते, पण आपल्याकडे माणूस सुट्टीच्या दोन दिवस आधीच घरी माटोळी (गणपतीच्या वर टांगायची फळा-पानांची सजावट) बांधायच्या नादात असतो. सम सत्रात कार्निव्हाल शनिवार ते मंगळवार. त्या शनिवारी पणजीतल्या कॉलेजात कोण बसणार? शिवाय जत्रा, फेस्तं, काले.

तीन तास सलग एकाच दिवशी ठेवायची कल्पना दरवर्षी कोणीतरी मांडतंच. ती मुळीच नको. तसे तीन सोमवार गेले तर ४५ पैकी ९ तास गेले, वीस टक्के. तीन वेगवेगळ्या दिवशी एकेक तास असेल तर तेवढ्याच सुट्ट्यांत तीनच तास जातात.

---

गणितवाली_मडगाव
शनिवारचं म्हणणं पटलं. ‘ख’ मधला शनिवार व्हीएसीवाल्यांचा मोकळा दिवस ठरवता येईल, पण एमडीसीवाल्यांचं काय? एक उपाय असा: ‘ख’ मंगळ-गुरु ठेवून मंगळवारी दोन सलग तास, १०:४५ ते १२:४५. फोटोग्राफी, अन्नप्रक्रिया, नाट्य अशा हाताने करायच्या कोर्सना दोन सलग तास उलट बरे पडतात. नुसत्या व्याख्यानाचे कोर्स मग ‘क’ मध्ये. गर्दीचा कोर्स दोन्हीकडे चालवायचा असेल तर मात्र शिक्षकाला दोन वेगळ्या चालींनी शिकवावं लागेल, हा तोटा आहे.

---

फोंडेकार_टीटी
हे चालेल. मंगळवारी दुपारची प्रॅक्टिकल दीडला सुरू करावी लागतील, पण एकाच दिवसाचा प्रश्न आहे.

उशिरा येणाऱ्यांचं काय करायचं? पुरवणी परीक्षेतून आलेली मुलं, आणि इंजिनियरिंग, फार्मसी, नर्सिंगच्या फेऱ्या संपल्या की बीएस्सीतून उठून जाणारी.

---

ऑफिसातला_बाब
दोन हालचाली उलट्या दिशेच्या आहेत, म्हणून एकत्र हाताळा. प्रत्येक कोर्सच्या ५ टक्के जागा, म्हणजे तीन, पहिल्या वाटपात उघडू नका. दहा टक्के सैल ठेवलीच आहे, त्यातूनच या निघतात. उशिरा आलेल्याला निदान तीन-चार कोर्समधून निवडता येतं. नाहीतर त्याला जे सगळ्यात रिकामं तेच मिळतं, आणि त्याच कारणाने तो वर्ग कायम उशिरा आलेल्यांचा होतो.

उठून गेलेल्यांच्या जागा आठवड्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी, प्रतीक्षायादीप्रमाणे भरा. रोज भरू नका. शिक्षकाचं हजेरीपत्रक रोज बदलतं आणि दोन यादींत फरक पडला की सत्राच्या शेवटी मुलगा एका वर्गात बसलेला आणि दुसऱ्या कोर्समध्ये नोंदलेला असा निघतो. एकदा विद्यापीठाकडे कोर्सचा कोड गेला की दुरुस्ती म्हणजे डोकेदुखी, आणि पुढे अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्येही (मुलाच्या क्रेडिटचं डिजिटल खातं) तोच चुकीचा कोड जातो.

बदलीची खिडकी वर्ग सुरू झाल्यावर दोन आठवडे, फार तर तीन. ‘चतुर्थीपर्यंत’ अशी तोंडी मुदत देऊ नका. २०२५ ला चतुर्थी २७ ऑगस्टला होती, २०२६ ला अधिक महिन्यामुळे १४ सप्टेंबरला गेली. अडीच आठवड्यांचा फरक. तोवर पहिली अंतर्गत चाचणी होऊन गेलेली असते आणि नव्याने आलेल्या मुलाचे मार्क कुठून आणायचे हा प्रश्न उभा राहतो.

---

कॉमर्सवाला_म्हापसा
नावांबद्दल दोन ओळी, कारण मॅडमच्या पहिल्या आकड्यावर त्याचा परिणाम होतो. ‘फंडामेंटल्स ऑफ...’ने सुरू होणारा कोर्स दुसऱ्या शाखेचा मुलगा घेत नाही. नाव विद्यापीठाने मंजूर केलेलं असतं, ते बदलता येत नाही. पण फॉर्ममध्ये त्याखाली दोन वाक्यं घालता येतात: हाताने काय करायचं, परीक्षा कशी, गणित लागतं का. मराठी-कोंकणीतून लिहिता येतं का, हेही लिहा. आर्ट्सची कितीतरी मुलं केवळ त्या भीतीने सायन्सचा कोर्स टाळतात. शिक्षकाचं नाव मात्र घालू नका, नाहीतर निवडणूक होते.

---

पेडणेकार
हे सगळं हाताने लावायचं? आमच्यासारख्या छोट्या कमिटीत दोनच माणसं.

---

गणितवाली_मडगाव
फेट नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, ते वापरा. क्रम असा ठेवा.

आधी विद्यार्थी भरा: वर्ष, त्याखाली गट (बीए, बीकॉम, बीएस्सी), त्याखाली उपगट म्हणजे प्रॅक्टिकलच्या बॅच. मग शिक्षक, मग खोल्या क्षमतेसह. त्यानंतर तास, म्हणजे त्यांच्या भाषेत ॲक्टिव्हिटी. एमडीसीचे सगळे वर्ग वेगवेगळ्या ॲक्टिव्हिटी म्हणून घाला, आणि ‘सगळ्यांची सुरुवात एकाच वेळी’ ही अट लावा. इथे लोक हमखास अडकतात: प्रत्येक एमडीसीला पूर्ण वर्ष विद्यार्थी म्हणून जोडतात. तसं केलं की सॉफ्टवेअर म्हणतं एकच वर्ष नऊ ठिकाणी कसं बसेल, आणि थांबतं. एकाच ॲक्टिव्हिटीला वर्ष जोडा, बाकी आठांना विद्यार्थी न जोडता फक्त शिक्षक आणि खोली द्या. सुरुवात एक असल्याने सगळी आपोआप बांधली जातात.

मग एमडीसीची वेळ हाताने पक्की करून कुलूप लावा. त्यानंतर प्रॅक्टिकल, मग मेजर-मायनर, शेवटी एईसी. चालवल्यावर अडलं तर कुठल्या ॲक्टिव्हिटीशी अडलं ते दाखवतं. नव्वद टक्के वेळा तो लेक्चर-बेसिसवरचा, म्हणजे तासाच्या मानधनावरचा, शिक्षक असतो, ज्याने ‘मी मंगळ-गुरुच येणार’ असं सांगितलेलं असतं. म्हणून त्यांचे दिवस आधी विचारून घ्या, नेमणूकपत्र देताना नव्हे.

---

प्रॅक्टिकल_बॅच
परीक्षेचं राहिलं. एका मुलाला एकाच वेळी एकच एमडीसी असतो, म्हणून एका सत्राचे सगळे एमडीसी पेपर एकाच सत्रवेळेत ठेवता येतात, स्लॉट एक असो की दोन. गोची रिपीटरची. सत्र १ चा एमडीसी राहिलेला मुलगा सत्र ३ मध्येही एमडीसी देतो. दोन्ही पेपर एकाच सकाळी आले की त्याचा एक बुडाला. सत्र १ चे सकाळी आणि सत्र ३ चे दुपारी, किंवा वेगळ्या दिवशी. आणि जो कोर्स यंदा बंद केलात, त्याच्या रिपीटरसाठी पेपर काढणारा कोण, हे बंद करतानाच लिहून ठेवा.

---

फोंडेकार_टीटी
हे शेवटचं आमच्या यादीत नव्हतंच. प्रमाणात वाटा काढलेली शीट आणि पात्रतेचा कोरा तक्ता दोन दिवसांत इथेच चढवतो. बाब, बारावीच्या विषयांची यादी तुमच्याकडची घेतली तर चालेल ना?

---

ऑफिसातला_बाब
घ्या. व्होकेशनलचे विषय वेगळ्या पानावर आहेत, तेही विसरू नका.